दसरा ते पाडवा, मुक्काम पनवेल

मी घर सोडलं तेव्हा एकसष्ट वर्षांची होते. दसरा होऊन चार दिवस झाले होते. नाशिकच्या महामार्ग स्टँडवर सकाळी पनवेलची एसटी लागली. सुधाकरनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, माझी बॅग वरच्या फळीवर चढवली, खाली उतरले, पुन्हा वर आले आणि बॅगेची चेन उघडून मलमाची बरणी आडवी तर झाली नाही ना, ते पाहिलं. मग खिडकीशी येऊन उभे राहिले.

"पंधरा दिवस बघ," ते म्हणाले. "नाही जमलं तर फोन कर. मी येतो न्यायला."

"अहो, हवापालटाला चाललेय. काळ्या पाण्यावर नाही."

ते हसले नाहीत. अडतीस वर्षांच्या संसारात मी बाळंतपणासाठी माहेरी गेले होते, तेवढीच काय ती त्यांच्यापासून लांब राहिलेली. त्या संध्याकाळी शेजारच्या वहिनींनी त्यांना हळूच विचारलं म्हणे, "काही बिनसलं का हो दोघांचं?" बिनसलं नव्हतं. पण आदल्या रात्री बॅग भरताना आम्ही एकमेकांशी फार बोललोही नव्हतो, हे खरं.

इगतपुरीपर्यंत मी शाल गुंडाळून बसले होते. कसारा घाट उतरताना ती काढली. भिवंडीच्या पुढे कापडी हातमोजे काढून पर्समध्ये टाकले, कारण आत हात भिजायला लागले होते. आणि पनवेलला उतरले तेव्हा ऑक्टोबरचा तो दमट, जड उकाडा असा अंगावर आला, की मला पहिल्यांदा वाटलं ते एवढंच: चुकलंच आपलं.

तुम्ही सगळ्याजणी, शाळेतल्या, माहेरच्या, आणि माझ्यासारख्याच कुठं कुठं जाऊन राहिलेल्या, दर वर्षी मला एकच विचारता. "अगं, लोक तिकडच्या घामाला कंटाळून नाशिकला बंगले बांधतात, आणि तू नाशिकची थंडी सोडून तिकडे जातेस? सुख तरी काय आहे त्यात?" मी दर वेळी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेते. आज नीट सांगते. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

निखिल झाला तेव्हा मी पंचवीसची होते. तो चार महिन्यांचा असताना माझ्या कोपरांवर लाल चट्टे उठले, त्यांवर पांढुरके पापुद्रे आले. मग ते पोटऱ्यांवर गेले, आणि वर्षभरात तळहातांवर. डॉक्टरांनी नाव सांगितलं, सोरायसिस. जिवाला धोका नाही, दुसऱ्याला लागत नाही, आणि पूर्ण जात नाही, असंही सांगितलं. यातलं तिसरं वाक्य सगळ्यांनी लक्षात ठेवलं. दुसरं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

आई मला भेटायला आली की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "बाही खाली ओढ." मायेनंच म्हणायची. लोकांनी बघू नये, लोकांनी बोलू नये, एवढंच तिच्या मनात. वडील वेगळं सांगायचे. मी तेव्हा नुकतीच मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले होते. ते म्हणायचे, "पोरी फळ्याकडे बघतात गं, बाईंच्या हाताकडे नाही." त्यांच्यावर मी विश्वास ठेवला आणि तेहतीस वर्षं शिकवलं. पण पोरी हाताकडेही बघत असत. वह्या परत देताना काहीजणी वही अगदी कडेला धरायच्या, हे मला दिसायचं. लांब बाह्यांचे ब्लाउज, हिवाळ्यात हातमोजे, खडूच्या डब्यात ठेवलेली मलमाची छोटी डबी, असं सगळं करून मी ती वर्षं काढली.

नाशिकची थंडी तुम्हाला गुलाबी वाटते. माझ्यासाठी ती कोरडी होती. नोव्हेंबर लागला की तळहात फुटायचे. सकाळी मूठ उघडली तर भेगेतून रक्त यायचं, म्हणून अंथरुणातच एकेक बोट हळूहळू सरळ करायची. टाचांचं तर सांगूच नका. आणि रोज सकाळी चादरीवर रात्रभर पडलेला कोंडा असायचा. मी उठून स्वयंपाकघरात गेले की सुधाकर ती चादर गुपचूप गच्चीवर नेऊन झटकून आणायचे. मी कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

आजाराच्या पहिल्याच हिवाळ्यात सासूबाईंनी माझ्या हातातली परात काढून घेतली. "राहू दे, कणीक मी मळते." बस्, इतकंच. आवाज चढा नव्हता, कपाळाला आठी नव्हती. पण त्या दिवसापासून त्या घरात माझ्या हातची पोळी कुणी खाल्ली नाही. आधी त्या मळायच्या, मग स्वयंपाकाच्या बाई आल्या, पुढे सासूबाई गेल्या तरी बाईंचं येणं चालू राहिलं. मी भाज्या चिरायची, फोडण्या द्यायची, ताटं वाढायची. पिठात हात नाही. माझ्या मनात ते तसंच बसून राहिलं, छत्तीस वर्षं.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात फारच वाढलं. त्वचेच्या डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "औषधं चालू ठेवूच. पण जमत असेल तर थंडीचे महिने खाली कोकणपट्टीत काढून बघा. दमट हवा काहींना मानवते. सगळ्यांना नाही, पण काहींना."

निखिलचा पनवेलला फ्लॅट होता. नवी मुंबईत नोकरी असताना घेतलेला. पुढं त्याची बदली बंगळुरूला झाली आणि फ्लॅट कुलपात. सुधाकरना उकाडा अजिबात सोसत नाही, मेमध्ये नाशिकलाच ते दिवसातून चार वेळा तोंडावर पाणी मारतात. शिवाय त्यांची सकाळची फिरायला जाणारी मंडळी, संध्याकाळचे पत्ते. "दोघांनी जायची काय गरज?" असं मीच म्हणाले. म्हणताना मला जरा हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याचीच लाज वाटली.

पहिले पंधरा दिवस मी रडकुंडीला आले. नाशिकहून आणलेले पापड दोन दिवसांत मऊ पडले. मीठ बरणीत दगड होऊन बसलं. काड्यापेटीतल्या चार काड्या ओढाव्या तेव्हा एक पेटायची. वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी हाताला गारच लागायचा. आणि घाम! भेगांमध्ये घाम जाऊन असा चरचरायचा की बाराव्या दिवशी मी फोन हातात घेतला. सुधाकरचं नाव काढलं. मग वाटलं, आज फोन केला तर ते संध्याकाळच्या गाडीनं येतील, बॅग भरतील, आणि त्यानंतर मी कधीच कुठं जाणार नाही. फोन ठेवून दिला आणि आंघोळीला गेले.

ती त्या दिवशीची तिसरी आंघोळ होती. इथल्या सुखांमध्ये मी आंघोळीचा नंबर पहिला लावते. नाशिकला आंघोळ म्हणजे हिवाळ्यातलं एक संकट होतं. गरम पाणी, लगोलग मलम, लगोलग कपडे, नाहीतर कातडं ताणायला लागायचं. इथं नळाचं साधं पाणी अंगावर घ्यायचं, टॉवेलनं नुसतं टिपायचं, ओलसर अंगानंच पंख्याखाली बसायचं. अंग कोरडं पडण्याची घाई कुणालाच नाही, हवेलासुद्धा नाही.

दुसरं सुख कपड्यांचं. लांब बाह्यांत जीव गुदमरायला लागला तेव्हा मी जुन्या पनवेलच्या बाजारात जाऊन दोन सुती गाऊन आणले, अर्ध्या बाह्यांचे. घरात कोण बघतंय, असं म्हणून घातले. आरशात माझी कोपरं मला अनोळखी वाटली. इतकी वर्षं मी ती फक्त मलम लावायला बघितली होती.

समोरच्या फ्लॅटमध्ये हिराताई राहायच्या. साठीच्या आसपास, ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. मुलगा उलव्याला बांधकामाचं साहित्य पुरवायचा, सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. आमची ओळख गच्चीवर झाली. मी तिसऱ्यांदा तोच टॉवेल उलटा करून वाळत घालत होते.

"बाय, तो नाय सुकायचा," त्या म्हणाल्या. "घरात पंख्याखाली टाका. नि मीठ फ्रिजात ठेवा."

"मीठ? फ्रिजमध्ये?"

"मंग काय. नि कपाटात कापूर ठेवा, नायतर तुमच्या साऱ्या चपलांना बुरशी येल."

चपलांना आधीच आली होती. त्यांनी सांगितलं तसं सगळं केलं आणि घर जरा माणसात आलं. मिठात तांदळाचे दाणे टाकायला शिकले, बिस्किटं स्टीलच्या घट्ट डब्यात, पापड लागतील तेवढेच आणायचे. सकाळी तळ्याच्या काठानं एक फेरी, येताना मासळीबाजारातून जितक्या मिळतील तितक्या ताज्या मांदेल्या. खाडीकडून संध्याकाळी वारा येतो, तेव्हा बाल्कनीत चहा घेऊन बसायचं. वारासुद्धा ओला असतो, चेहऱ्यावर हात फिरवल्यासारखा. रात्री अंगावर पातळ चादर आणि पंखा तीनवर.

आणि मग नोव्हेंबरात एका सकाळी मी उठले, केस बांधले, दूध तापवलं, आणि दूध ओतताना लक्षात आलं की आज आपण बोटं सरळ करत बसलो नाही. मूठ आपोआप उघडली होती. मी पातेलं खाली ठेवलं. मूठ मिटली, उघडली. परत मिटली. भेगा होत्या, पण कडा मऊ होत्या, रक्त नव्हतं. ओट्याशी उभी राहून मी दोन्ही हात नुसते बघत राहिले. कुणाला फोन केला नाही. मला भीती वाटली की सांगितलं तर जाईल.

डिसेंबरात हिराताई जिन्यावर घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं. तिसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी माझी बेल वाजवली.

"बाय, आज भाऊ येतंय चिरनेरवरून, त्याची बायको पन. पोरगा बोलतो हॉटेलातून मागवू. भावाला काय हॉटेलातला खायाला घालू? कालवन झालाय माझा एका हातानं. भाकऱ्या तेवढ्या तुमी टाका."

मी हात गाऊनच्या चुण्यांत लपवले. त्या वाट बघत होत्या.

"हिराताई, माझे हात असे आहेत," मी म्हणाले, आणि दोन्ही तळहात त्यांच्यापुढे धरले. असे मी ते डॉक्टरांखेरीज कुणापुढे धरले नव्हते.

त्यांनी वाकून पाहिलं. डाव्या हाताच्या बोटानं माझ्या तळव्यावरचा एक चट्टा चाचपला.

"दुखतात का?"

"आता फारसे नाही."

"दुसऱ्याला लागतंय का?"

"नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, लागत नाही."

"मंग चला ना. तांदलाचा पीठ काढून ठेवलाय."

आणि त्या वळून चालायला लागल्या.

छत्तीस वर्षांत तो प्रश्न मला तोंडावर कुणी विचारला नव्हता. लागतं का? सगळ्यांच्या मनात होता. वही कडेला धरणाऱ्या पोरींच्या, लग्नात माझ्याशेजारची खुर्ची सोडून बसणाऱ्या बायकांच्या, कदाचित तुमच्यातल्याही काहीजणींच्या. विचारला असतात तर मी उत्तर दिलं असतं. उत्तर तर सोपं होतं, एका शब्दाचं.

त्यांच्या ओट्यावर मी पहिली भाकरी केली ती भाकरी नव्हतीच. तांदळाच्या पिठाला उकळतं पाणी लागतं, ते हाताला सोसेल इतकं निवलं की जोर लावून मळायचं, नि थापताना हात सतत ओला ठेवायचा. माझी फाटली. दुसरी तव्यावर टाकताना घडी पडली. हिराताई स्टुलावर बसून सूचना देत होत्या. "पानी घ्या. अजून घ्या. बाय, पान्याला घाबरू नका." पाचवी फुगली. त्या एवढ्या मोठ्यांदा "आली!" म्हणाल्या की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

दुपारी त्यांचा भाऊ जेवायला बसला. मी वाढत होते. तो माझ्या हातची भाकरी मोडून कालवणात बुडवून खात होता, मान खाली घालून, शेतकरी माणसं खातात तसा, मन लावून. तिसरी मागितली त्यानं. मी ती दिली आणि मोरीत जाऊन नळ सोडला, कारण डोळ्यांतलं पाणी त्या माणसांना काय समजावून सांगणार?

नंतर भांडी आवरताना हिराताई म्हणाल्या, "मना पन इथं करमत नव्हता पयल्यांदा. आमचा गाव जिथं होता तिथं आता विमानतळ होतंय. घर गेला, शेत गेला, मिठागर गेला. लांब नाय आलो आमी, पन गाव सोडून आलो ते आलोच ना." मग म्हणाल्या, "आता सवय झाली. पोराला नोकरी-धंदा हाय, मना गुडघ्याला लिफ्ट हाय. वाईट नाय." तक्रार नव्हती त्यांच्या बोलण्यात. जे झालं ते त्या सांगत होत्या.

त्यानंतर आठवड्यानं सुधाकर न सांगता आले. मी दार उघडलं ते अर्ध्या बाह्यांच्या गाऊनमध्ये, पिठाच्या हातांनी. ते दारातच उभे राहिले. हातात दोन पिशव्या. एकीत मलमं, हातमोज्यांच्या तीन जोड्या, लोकरी मोजे. दुसरीत नाशिकची द्राक्षं.

"आलात? फोन तरी करायचा."

"तू पण करत नाहीस हल्ली फारसा," ते म्हणाले.

जेवायला मी तांदळाच्या भाकऱ्या केल्या. त्यांनी खाल्ल्या, चांगल्या झाल्यात म्हणाले, पण चेहरा उतरलेलाच. रात्री पंख्याखाली पडल्या पडल्या म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं नाशिकचं घरच तुला मानवत नव्हतं, असं म्हणायचं."

"हवा मानवत नव्हती."

"मी रोज मलम आणत होतो. पथ्य बघत होतो. कुठला साबण, कुठलं तेल. आता तू इथं सगळ्याशिवाय बरी आहेस."

त्यांना मला बरं झालेलं बघून आनंद झाला नव्हता असं नाही. पण आमच्यातलं बोलणं गेली कित्येक वर्षं "औषध लावलंस का?" याभोवतीच फिरत होतं, आणि आता त्या प्रश्नाचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. मला हे तेव्हा नीट दिसलं नाही. मला रागच आला.

"बरं झालं विषय काढलात," मी उठून बसले. "मला एक सांगा. तुमच्या आईंनी माझ्या हातातली परात काढून घेतली तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात. एक शब्द बोलला नाहीत. माझ्या हातचं खायची किळस येत होती सगळ्यांना, हे तुम्हाला कळत नव्हतं?"

तेही उठून बसले.

"किळस?" ते म्हणाले. "अगं, मीच सांगितलं होतं आईला. तू कणीक मळताना ओठ चावायचीस. पिठात एकदा रक्ताचा थेंब मी पाहिला. म्हटलं, आई, हिला मळायला लावू नकोस, दुखतं तिला. आईचा स्वतःचा गुडघा तेव्हा धड नव्हता, तरी बसायची मळायला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला दुखतंय हे तुलाच काय सांगायचं? मला वाटलं, तुला माहीत आहे."

सासूबाईंना जाऊन आता बारा वर्षं झाली. सुधाकरनी सांगितलं म्हणूनच त्यांनी परात घेतली, की त्यांच्याही मनात काही होतं, हे मला कधीच कळणार नाही. त्यांना विचारायचं राहून गेलं. पण त्यांच्या त्या चार शब्दांवर मी मनातल्या मनात केवढा मोठा खटला चालवला होता, आणि एकदाही साक्ष घेतली नव्हती! त्या रात्री मला त्यांची फार आठवण झाली. पाट सरकवून, एक पाय लांब करून मळायला बसायच्या त्या. तो पाय लांब का असायचा, हेही मी कधी विचारलं नव्हतं.

सकाळी मी चहा टाकत होते. सुधाकर उठले आणि सवयीनं चादर गोळा करून बाल्कनीत गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून डोकावले. चादर त्यांनी कठड्यावर पसरली होती आणि तिच्यावरून तळहात फिरवत होते. झटकायला त्यात काही नव्हतं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. मी गॅस बंद करून त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. "तुम्ही रोज झटकायचात, मला माहीत होतं," मी म्हणाले. ते म्हणाले, "मला वाटलं, तुला माहीत नाही." आम्ही दोघंही हसायला लागलो, कारण रात्रीही हेच झालं होतं, फक्त उलटं.

ते चार दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पाठीवर घामोळं आलं. लालभडक, मानेपासून कमरेपर्यंत. ते उघड्या पाठीनं पालथे पडले होते, कण्हत होते, आणि मी माझ्या हातांनी त्यांच्या पाठीला पावडर लावत होते. "खाजवू नका," मी म्हणाले. "सैल सुती घाला. तीन वेळा आंघोळ करा." उशीत तोंड खुपसून ते म्हणाले, "आता कळलं मला, ऐकून घेणाऱ्याला कसं वाटतं ते."

याला आता चार हिवाळे झाले. खोटं नाही सांगत, आजार गेलेला नाही. जानेवारीत इथंही आठ-दहा दिवस कोरडा वारा सुटतो, तेव्हा तळवे कुरकुरतात. गोळ्या, मलम, वर्षातून दोनदा डॉक्टर, हे आहेच. पण आजार आता घरातल्या एका कोपऱ्यात बसतो, सगळ्या घरभर हिंडत नाही. दसरा झाला की मी येते, गुढीपाडव्याला परत जाते. उन्हाळ्यात नाशिकला कमी त्रास होतो आणि पावसाळा तर तिथला मला आवडतोच. नाशिकच्या घरातही आता मी कणीक मळते, जून ते सप्टेंबर. स्वयंपाकाच्या बाई आधी रुसल्या, मग ओट्याच्या दुसऱ्या बाजूला सरकल्या. गेल्या ऑगस्टात शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घालून आले होते, तुमच्यातल्या काहीजणींनी बघून न बघितल्यासारखं केलं. पुढच्या खेपेला विचारा. मला आवडेल.

सुधाकर डिसेंबरात महिनाभर येतात. घामोळं घेऊन जातात आणि नाशिकला गेल्यावर पत्त्यांच्या मंडळींना पनवेलच्या मांदेल्यांचं कौतुक सांगतात. हिराताईंशी त्यांची गट्टी जमलीय. त्यांच्या नातवाला ते एक ते दहा अंक म्हणायला लावतात, आणि त्या यांना भाताच्या जुन्या जातींची नावं सांगतात, जी आता त्यांच्या शेतात कुणी लावत नाही, कारण शेतच नाही.

यंदाच्या डिसेंबरात निखिलचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, आम्ही दोघं जेवत होतो. विमानतळामुळं भाव चढलेत, एक चांगलं गिऱ्हाईक आलंय, फ्लॅट काढून टाकावा का, असं तो विचारत होता. "तुम्हाला हिवाळ्यात कुठंतरी भाड्यानं बघू ना, गोव्याला वगैरे. तिथंही दमटच आहे की." त्याचं चूक नव्हतं. त्याच्या मुलीच्या शिक्षणाचा विचार होता त्यामागे. माझा घास हातातच राहिला. फ्लॅट त्याचा, मी काय बोलणार? मनात बाल्कनी आली, तळ्याची फेरी आली, समोरचं दार आलं. मी "बघ बाबा, तुला योग्य वाटेल तसं" म्हणायला तोंड उघडलं.

"नको विकूस," सुधाकर म्हणाले.

"बाबा, पण तुम्हाला तर तिथला उकाडा..."

"अरे, आई इथं राहते."

आजवर ते सगळ्यांना सांगत आले होते की ती हवापालटाला गेलीय. शेजारच्या वहिनींना, स्वतःच्या भावाला, फोनवर निखिललाही. गेलीय, म्हणजे येईल. राहते, असं ते पहिल्यांदा म्हणाले. निखिल म्हणाला, "हो, तेही खरंच. ठीक आहे, नाही सांगतो त्यांना." आणि सुनेशी, नातीशी बोलणं होऊन फोन बंद झाला.

छातीवरचं ओझं उतरून खाली ठेवल्यासारखं झालं होतं. दोन गावांत वाटून राहणाऱ्या माणसाला सतत वाटत असतं की आपण एका ठिकाणी पाहुणे आहोत आणि दुसरीकडून पळून आलो आहोत. मलाही चार वर्षं वाटत होतं. ते त्या जेवणाच्या टेबलावर संपलं. नाशिकचं घर माझं आहे, तिथं माझा संसार झाला. हेही माझंच आहे, इथं मला कुणीतरी विचारलं आणि इथं मी विचारलं. दोन्हीकडे माझ्या नावाचं ताट आहे.

मी अर्धी भाकरी त्यांच्या ताटात टाकली. सुधाकरनी बनियनची कड ओढून मानेवरचा घाम पुसला.

"राहतेस ती राहा," ते म्हणाले, "पण तो पंखा पाचावर कर. मरतोय मी इथं."